पाण्याचा मान आणि एक टाचणी

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. त्या वर्षी नवरात्रातल्या सप्तमीला, भर दुपारी, झऱ्याच्या काठावर मला जो धक्का बसला, तसा जन्मात बसला नव्हता. बायको गेली तेव्हा नाही, दुकान बंद केलं तेव्हाही नाही. ती दोन्ही दुःखं लांबून येताना दिसत होती. हे दिसलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. बेचाळीस वर्षं ग्वाल्हेरच्या इंदरगंजात सायकली दुरुस्त केल्या. लिहायची सवय नाही. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, तू लिहिलंस तर मला भला माणूस करून टाकशील. म्हणून मीच लिहितो आहे, चुका असतील तर असू देत.

आधी आमची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. तलवारी गेल्या. आता आमच्या भावकीच्या अकरा घरांत कुणी विमा विकतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी बिजलीच्या ऑफिसात आहे. कुलस्वामिनी मात्र तिकडेच राहिली. दर वर्षी दक्षिणेत जाणं जमेना, तेव्हा कुणा पूर्वजाने तिघऱ्याच्या धरणापुढच्या जंगलात एका झऱ्यापाशी दगड मांडला, शेंदूर लावला आणि म्हटलं, आई, आता इथंच भेट. तेव्हापासून अष्टमीच्या सकाळी अकरा घरांतले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवीच्या मूर्ती, तिथं नेतात आणि झऱ्याखालच्या कुंडातल्या पाण्याने त्यांना न्हाऊ घालतात.

कुंड मोठं नाही. पलंगाएवढं, कमरेइतकं खोल. वरून खडकातून धार पडते, जितकं येतं तितकं खालून ओढ्यात निघून जातं. काठावर जुना उंबर आहे. त्याच्या मुळ्या पाण्यात उतरल्या आहेत, लालसर, केसांसारख्या.

नियम एकच. कुंडाचा तळ दिसला पाहिजे. ज्या घराकडे पाण्याचा मान, त्या घरच्या माणसाने सप्तमीला कुंडात उतरायचं आणि फक्त हाताने, कोयत्याने आणि केरसुणीने ते साफ करायचं. अष्टमीला दुसऱ्या घरचा माणूस हळदीत माखलेला तांदळाचा एक दाणा पाण्यात सोडतो. दाणा तळाला टेकलेला दिसला, तर टाकांवर पाणी घालायचा तांब्या मानकऱ्याच्या हातात. नाही दिसला, तर मान दुसऱ्या घरी.

पाण्याचा मान आमचा. दाणा सोडायचा मान माझ्या चुलत भावाचा. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, फूलबागेकडे राहतो, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेला. काठावर बसून दाणा सोडताना तो चष्मा पुसतो, वाकतो, परत चष्मा पुसतो. परीक्षा घेतो जणू. माझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या वेळी दाणा नेहमी दिसला. १९७२ पासून मी उतरतो आहे. एकदाही असं झालं नाही की दाणा दिसला नाही.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते लिहितो.

२०१९ ला माझे गुडघे गेले. मुळ्या कापता यायच्या, काडीकचरा उचलता यायचा, पण तळाचा हिरवा थर खरवडायला वाकावं लागतं, ते होईना. मुलाला सांगायचं तर मान सोडल्यासारखं. आमच्या किला गेटच्या गल्लीत एक माणूस नालीवर पांढरी पावडर टाकायला यायचा, ब्लीचिंगची. त्याच्याकडून एक थैली मागून घेतली. सप्तमीला कचरा काढला, मग पाण्यात पावडर भुरभुरली. दुसऱ्या दिवशी वास गेला होता आणि दाणा असा दिसला जसा आरशावर ठेवलाय.

भावकी थक्क झाली. चुलत भाऊ सर्वांसमोर म्हणाला, "दादा, ह्या वयात हे हात! मशीन आहे की काय?"

मी मिशीवरून हात फिरवला. त्या वर्षी टाकली, पुढच्या वर्षी टाकली, अशी चार वर्षं टाकली. लाज वाटली का म्हणाल तर नाही वाटली. पाणी साफ करायची पावडर पाणी साफ करत होती, एवढंच माझ्या डोक्यात.

आता २०२३ चा श्रावण. माझी नात कॉलेजात किड्यामुंग्यांचं शास्त्र शिकते. एक दिवस अखबार फडकवत घरात आली.

"आबा, बघा! आपल्या झऱ्यावर नवीन प्रजाती सापडली!"

"हरवली कधी होती?"

"हरवली नव्हती हो. कुणाला माहीतच नव्हती. पूरी दुनिया में किसी को नहीं. आमच्या मॅडमनी शोधली, मी पण बरोबर होते."

फोटो बघितला आणि मी उडालोच. काळी, सायकलच्या स्पोकपेक्षाही बारीक काडी. व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्याएवढी लांब. काचेसारखे पंख पाठीवर मिटलेले, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका.

"अगं, ही? ही तर माझ्या खांद्यावर बसते!"

"कधीपासून?"

"तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून."

 ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "आबा, मग आधी सांगायचं ना कुणाला!"

"कुणी विचारलं?"

पण मला आतून मोठा अचंबा वाटत होता. एवढी शिकलेली माणसं, एवढ्या दुर्बिणी, आणि जी माझ्या गंजीफ्रॉकवर बसून ऊन खायची ती कुणी पाहिलीच नव्हती! आठवडाभर मी गल्लीत सर्वांना तो फोटो दाखवत फिरलो. चहावाला म्हणाला, "दादा, ये तो हेलिकॉप्टर है, बच्चे धागा बाँधते हैं." मी त्याला चांगलं झापलं.

पुढे त्या मॅडमच आमच्या घरी आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पुण्याकडच्या. मला म्हणाल्या, "तुमचं मराठी छान आहे हो."

"मराठीच आहे ते," मी म्हटलं. "छान काय त्यात?"

त्या हसल्या, रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, मुलं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चतुर, बसला की पंख पसरून बसतो. ही टाचणी, बसली की पंख मिटते. नाव काय ठेवलं विचारलं तर असं काही लांबलचक सांगितलं की मी परत विचारलं नाही. मी म्हटलं, आमच्या देवीचं ठेवायचं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी भेटला असता तर ठेवलं असतं."

मग वही काढून विचारलं, "आजोबा, पूर्वी किती असायच्या?"

"मोजत कोण बसतंय? अंगावर यायच्या. हात हलवला की उठायच्या आणि परत यायच्या."

"आणि आता?"

"आता एखाददुसरी."

"कधीपासून कमी झाल्या?"

"झाली चार वर्षं," मी म्हटलं, आणि चहाचा घोट घेतला.

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, आजूबाजूचे बरेच झरे आणि ओढे बघितले, दुसरीकडे एकही मिळाली नाही. पाऊस कमी झाला म्हणून असेल कदाचित. मी मान हलवली. खरंच सांगतो, त्या वेळी माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही.

सप्तमीला मुलाने मला मोटरसायकलवरून झऱ्यापाशी सोडलं आणि तो कामावर गेला. मी पाण्यात उतरलो. उंबराच्या लाल मुळ्या कोयत्याने छाटल्या, शेवाळ ओढून काढलं, सडकी पानं उपसली आणि सगळ्याचा काठावर ढीग घातला. तो ढीग मी नेहमी एक दिवस तसाच ठेवतो, पाणी निथळलं की उचलायला हलका होतो. दहाच्या सुमाराला पावडर टाकली. थैलीत थोडी उरली ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि देवीपाशी बसून शेंगदाणे-गूळ खात होतो. खांद्यावर त्या दिवशी एकही आली नव्हती, हे मागून लक्षात आलं.

बारा वाजता आवाज आले. नात आणि मॅडम. हातात पांढरं ताट, चाळणी, बाटल्या. नात येणार हे मला माहीत नव्हतं.

"आबा, सरप्राइज!" ती ओरडली. "आज आम्ही पिल्लं शोधणार!"

मॅडमनी सांगितलं, ह्या टाचणीची पिल्लं अजून कुणीच बघितलेली नाहीत. ती पाण्यातच वाढतात, मग एक दिवस मुळीवर चढतात, कात टाकतात आणि उडतात. उडणं थोड्याच दिवसांचं. बाकी सगळा जन्म पाण्यात. हे बोलता बोलता त्यांचं लक्ष कुंडाकडे गेलं, मग ढिगाकडे, आणि त्या थांबल्या.

"हे सगळं आज काढलंत?"

"आज. दर वर्षी सप्तमीला काढतो."

"किती वर्षं?"

"एकावन्न वर्षं झाली," मी छाती काढून म्हटलं.

"बाप रे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक केलं. मग त्यांनी ढिगातली एक मुळी उचलून मला दाखवली. "आजोबा, मादी अंडी अशा मुळीत टोचून ठेवते. पिल्लं ह्यांनाच धरून बसतात."

मी त्या मुळीकडे बघितलं. कोयत्याने तिरकी छाटलेली होती, छाट अजून ओली. माझ्या तोंडातला गूळ तोंडातच राहिला.

मॅडम कुंडाशी बसल्या, चाळणी फिरवली, ताटात ओतली. ताटाच्या पांढऱ्यावर दोन बारीक तपकिरी जीव दिसले. शिवणीच्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, मागे तीन छोटी पानं लावल्यासारखी शेपटी. मॅडमनी रंगाच्या ब्रशच्या टोकाने हळूच ढकललं. हलले नाहीत. परत चाळणी. अजून एक, तोही तसाच.

"मेलेत," त्या म्हणाल्या. "आणि आत्ताच मेलेत. आजोबा, पाण्यात कुणी काही टाकलं का? साबण, औषध?"

"नाही," मी म्हटलं.

एवढ्या पटकन म्हटलं की माझं मलाच कळलं नाही. नातीने माझ्याकडे बघितलं. मी देवीकडे बघितलं. वर आणखी म्हणालो, "देवीच्या पाण्यात कोण काय टाकेल!"

आणि मग मला आठवलं, झाली चार वर्षं. माझ्याच तोंडाने सांगितलेलं, माझ्याच घरात, चहा पिता पिता.  कानात नुसता झऱ्याचा आवाज, दुसरं काही ऐकू येईना. साऱ्या दुनियेत ती एका जागी राहते, त्या जागी वर्षातून एकदा मी उतरतो, आणि मी चार वर्षं तिथं नालीची पावडर ओतली. आणि लोकांनी माझे हात वाखाणले.

तेवढ्यात नात किंचाळली. ती ढिगाशी बसली होती. "मॅडम! ज़िंदा है! ये देखिए, हिल रहा है!"

मॅडम धावल्या. त्या वयाची बाई दगडांवरून अशी धावली की मला वाटलं पडणार. नातीच्या तळहातावर थेंबभर पाण्यात एक जीव वळवळत होता. मुळ्यांच्या गुंत्यात अजून एक, शेवाळात आणखी एक. ढीग ओला होता म्हणून ती जगली होती. मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "पहिलीच! पोरी, ही कुणीच बघितलेली नाहीत!" मग एकदम घाई करत म्हणाल्या, "ऊन चढलंय, सुकतील. परत पाण्यात सोड सगळं. चल, लवकर."

नातीने दोन्ही हातांत मावेल तेवढा मुळ्यांचा गुंता उचलला आणि कुंडाकडे निघाली. तीन पावलं. दोन पावलं. मला सुटकेची एक वाट होती, गप्प बसायचं. पिल्लं मेली असती आणि कुणाला कळलंही नसतं की का मेली.

"टाकू नकोस!" मी ओरडलो. "मरतील!"

खडकांवरून आवाज परत आला. ती कुंडाच्या काठावर थबकली, कोपरांवरून पाणी गळत होतं.

"का मरतील, आबा?"

मी खिशातून थैली काढली आणि पायरीवर ठेवली. मॅडमनी ती उघडली, वास घेतला, बंद केली.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नात म्हणाली, "आपने अभी मैडम से झूठ बोला?"

ती माझ्याशी मराठीत बोलते. मध्ये हिंदी घुसते ते वेगळं, पण माझ्याशी सबंध वाक्य हिंदीत ती कधी बोलली नव्हती. आणि "आपने". रस्त्यावरच्या परक्या माणसाला म्हणतात तसं.  

मॅडमच आधी सावरल्या. "कुंड किती वेळात भरतं?"

"रिकामं केलं तर सकाळपर्यंत."

"ओढ्यात सोडायचं नाही. खाली आणखी असतील."

खाली निघणाऱ्या पाण्याला आम्ही गोणपाटाने बूच मारलं आणि पाणी देवीपाशी ठेवलेल्या बादल्यांनी उपसून लांबच्या तापलेल्या खडकावर ओतायला लागलो. वरच्या धारेला पन्हाळीने बाजूला वळवलं. ढीग उचलून धारेच्या शिंतोड्यात ठेवला, वरून ओलं गोणपाट. मॅडम भरायच्या, नात न्यायची, मी कुंडात उभा राहून तळ पुसायचो, ह्या वेळी खरंच हाताने. गुडघे काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही.  ऊन उतरताना तळ कोरडा झाला आणि आम्ही धार परत आत सोडली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "उद्या ऊन अंगावर यायच्या आत हे सगळं पाण्यात गेलं पाहिजे. दुपारपर्यंत टिकणार नाही." त्यांना आमच्या दाण्याचं माहीत नव्हतं. नातीला होतं.

वाटेत ती माझ्यापुढे चालत होती. वळून न बघता म्हणाली, "उद्या आठ वाजता सगळे येणार. गाळ टाकला तर तळ नाही दिसणार."

"माहीत आहे."

"पूजा झाल्यावर टाकला तर तोपर्यंत अर्धी मरतील. पण मान राहील."

"माहीत आहे म्हटलं ना!"

"मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी अष्टमीच्या सकाळी मुलाने मला सहा वाजता झऱ्यापाशी सोडलं. कुंड भरलं होतं. मी काठावरून वाकून बघितलं. तळाच्या दगडाची एक एक शीर दिसत होती. पावडर नसताना इतका स्वच्छ तळ माझ्या हातून कधीच झाला नव्हता, तरणा होतो तेव्हाही नाही. तांदळाचा दाणा काय, राईचा दाणा दिसला असता. त्या पाण्याकडे मी किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही.

मग गोणपाट काढलं. पहिली ओंजळ उचलली, आत उतरलो आणि मुळ्या हळूच पाण्यात सोडल्या. पाणी गढूळ झालं, चहासारखं. दुसरी ओंजळ. तिसरी. मग मोजलं नाही.

आठ वाजता भावकी आली. बायका, पोरं, अकरा घरांचे टाक लाल कपड्यांत. चुलत भाऊ पुढे, चिमटीत हळदीचा दाणा. त्याने कुंडात बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "कुंड साफ करायचं असतं. भरायचं नसतं."

मागे कुणी हसलं. एक वहिनी म्हणाली, "अहो, वय झालं त्यांचं. हात थकले असतील."

तेवढंच कबूल केलं असतं तरी निभावलं असतं. सर्वांनी हळहळ केली असती आणि मला मानाने घरी नेलं असतं.

"हात चार वर्षांपूर्वीच थकले," मी म्हटलं. "तेव्हापासून मी रात्रीतून तळ दिसावा म्हणून नालीची पावडर टाकत होतो. तुम्ही बघत होता ती पावडर. माझे हात नव्हते ते."

 भावाच्या चिमटीतला दाणा तसाच. तोंड उघडं. त्याला इतकं गप्प मी कधी बघितलं नव्हतं, आणि सांगतो, त्यातही मला थोडी मजा वाटली.

मानाचा तांब्या आमच्याच घरी असतो, तो मी पिशवीतून काढून पायरीवर ठेवला. "टाक वरच्या धारेखाली न्हाऊ घाला, ते पाणी चांगलं आहे. मान ज्याला पाहिजे त्याने उचलावा. पण कुंडात आता कुणी केरसुणी घेऊन उतरायचं नाही. का ते ही पोरगी सांगेल, मला नीट सांगता येत नाही."

नात गर्दीतून पुढे आली. तांब्याला अजून कुणी हात लावला नव्हता. ऊन उंबराच्या शेंड्यावर आलं होतं आणि अर्धा ढीग बाकी होता. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि पुढची ओंजळ उचलली.